नवरा आर्किटेक्ट, मग घराचा क्लायंट कोण?

नवरा आर्किटेक्ट आहे हे कळलं की लोकांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं, मग काय, तुमचं घर तर फटाफट झालं असेल, डिझाइन तर घरचंच! झालं, घर झालं, राहतोय आम्ही त्यात, पण फटाफट म्हटलं की मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघतो. दुसऱ्यांची घरं हा माणूस वेळेत काढून देतो, साइटवर त्याचा शब्द शेवटचा असतो, आणि स्वतःच्या घराचा प्लॅन मात्र काही केल्या जागेवर राहीना. सकाळी जिना पूर्वेला असायचा, रात्री जेवायला बसेपर्यंत तो उत्तरेला गेलेला असायचा, आणि ह्याला विचारलं की उत्तर एकच, "आता बघ, आता जमलंय."

मी हिशेबाच्या कामातली. ड्रॉइंग वगैरे मला वाचता येत नव्हतं, आता येतं, नाइलाजाने शिकले. आणि शिकता शिकता हे प्रकरण अडतं कुठे ते लक्षात आलं, म्हणून लिहितेय.

एरवीच्या कामात काय असतं, समोर क्लायंट बसलेला असतो. त्याला अमुक इतक्या खोल्या हव्या असतात, बजेट एवढंच असतं, अमुक महिन्यात आधीचं घर सोडायचं असतं. आर्किटेक्ट चार आयडिया टाकतो, क्लायंट त्यातल्या तीन उडवतो, चौथीवर दोघं भांडतात आणि कुठेतरी येऊन थांबतात. थांबवणारा क्लायंट असतो. स्वतःच्या घराला हा माणूसच नसतो ना! डोक्यात आयडिया येणार, त्या कागदावर जाणार, आणि नाही म्हणायला टेबलाच्या पलीकडे कोणीच नाही. वर आजवरच्या क्लायंट लोकांनी उडवलेल्या सगळ्या आयडिया ह्याने मनात जपून ठेवलेल्या, मधला चौक, छतातून खाली येणारा उजेड, अर्ध्या अर्ध्या लेव्हलवर चढत जाणारे मजले, उघडं काँक्रीट, जमिनीपासून छतापर्यंत काच, त्या सगळ्या एकाच प्लॉटवर उतरायला लागल्या. आणि घर दाखवून पुढची कामं मिळतात हे पण डोक्यात असतंच, कोणी कबूल करो न करो. म्हणजे अर्धं घर आमच्यासाठी आणि अर्धं फोटोसाठी.

एकदा टेबलावर पडलेली ड्रॉइंगची शीट बघत होते. प्रत्येक शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते, त्यात प्रोजेक्टचं नाव, स्केल, तारीख, रिव्हिजन नंबर, कोणी काढलं, कोणी तपासलं असं सगळं लिहिलेलं असतं. त्यात क्लायंटचा रकाना असतो. आमच्या शीटवर तो रकाना मोकळा होता. काढलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर कोणी केलं, तिन्हीकडे ह्याच्याच नावाची आद्याक्षरं. हिशेबातल्या माणसाला असं काही दिसलं की अंगावर काटा येतो, आमच्याकडे व्हाउचर लिहिणारा आणि पास करणारा एकच असला तर ऑडिटर तिथेच पेन ठेवतो. मी त्याला म्हटलं, इथे माझं नाव टाक, आणि मंजूर ह्या ठिकाणी माझी सही झाल्याशिवाय कुठलंही ड्रॉइंग घराबाहेर जाणार नाही. तो हसला. मग बघितलं त्याने की मी हसत नाहीये, आणि टाकलं नाव.

त्यानंतर खरं काम सुरू झालं असं मी म्हणेन, त्याचं मत वेगळं आहे.

पहिली गोष्ट मागितली ती ब्रीफ, म्हणजे घरात काय काय हवं त्याचा लेखी कागद. बाहेरच्या क्लायंटकडून हा कागद घेतल्याशिवाय तो पेन्सिल उचलत नाही, स्वतःच्या घरासाठी मात्र सगळं मनात! मी, सासूबाई आणि लेक, तिघींनी बसून लिहिला. सासूबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या, रात्री उठले तर दिवा न लावता बाथरूमपर्यंत जाता आलं पाहिजे, आणि माझ्या खोलीतून कोण आलं कोण गेलं ते दिसलं पाहिजे. ह्या दोन वाक्यांनी तळमजला जवळजवळ ठरवून टाकला, अर्ध्या लेव्हलची भानगड तिथेच संपली कारण अंधारात पायरी नको. लेकीने लिहिलं की तिच्या खोलीत जायला हॉलमधून जावं लागू नये. तो म्हणाला हे काय भलतंच, तर मी त्याच्याच शेल्फवरचं पुस्तक काढून दाखवलं, वॉल्टर ग्रोपियसने अमेरिकेत लिंकन गावी १९३८ मध्ये स्वतःचं घर बांधलं त्याला बाहेरच्या बाजूने एक गोल जिना आहे, तो वर लेकीच्या गच्चीकडे जातो, तिला स्वतंत्र ये-जा करता यावी म्हणून. बाउहाउस, ती जर्मनीतली डिझाइनची गाजलेली शाळा, ती काढणारा माणूस लेकीचं ऐकतो तर तू कोण. आमच्याकडे गोल जिना झाला नाही, पॅसेजमधून वेगळी वाट निघाली, पण ऐकलं गेलं.

मग मला नादच लागला. तो जी घरं दाखवून मला पटवायला बघायचा तीच मी नीट वाचायला लागले, आणि वाचल्यावर वेगळंच काय काय निघायला लागलं. हे सगळे मोठे लोक थांबले कसे, एवढंच मी शोधत होते.

चार्ल्स आणि रे ईम्स ह्या अमेरिकन डिझायनर नवराबायकोचं घर घ्या. १९४९ चं, लॉस एंजेलिसमध्ये, एका मासिकाने काढलेल्या नमुना घरांच्या मालिकेतलं, केस स्टडी हाउस नंबर ८. पहिलं डिझाइन चार्ल्स आणि त्याचा आर्किटेक्ट मित्र एरो सारिनन ह्या दोघांनी मिळून केलं होतं, उतारावरून पुढे आलेलं, पुलासारखं. पण युद्धानंतर स्टीलची टंचाई, माल यायला उशीर, तोवर हे नवराबायको त्या जागेवर जाऊन बसायचे, फिरायचे, आणि त्यांना ते गवताचं मोकळं मैदानच इतकं आवडलं की त्याच्यात घर घुसवायचं नाही असं ठरलं. तोपर्यंत स्टील साइटवर येऊन पडलेलं. मग त्याच स्टीलमध्ये नवीन घर बसवलं, टेकडीला चिकटून, झाडांच्या रांगेमागे, एकच बीम जास्तीची लागली असं सांगतात. खिडक्या, पत्रे, जिना, जमेल ते कॅटलॉगमधलं तयार. ऑर्डर देऊन झालेला माल अंगणात पडलेला असला की आपोआप थांबावं लागतं, हे मी अधोरेखित करून ठेवलं.

ल कोर्बुझिए ह्या आर्किटेक्टचं तर मी नवऱ्याला रोज ऐकवायचे. दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रावर त्याने स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली, काबानों म्हणतात, ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर. त्याच्या स्वतःच्याच सांगण्याप्रमाणे ३० डिसेंबर १९५१ ला रेस्टॉरंटच्या टेबलावर बसून पाऊण तासात ड्रॉइंग केलं, बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून. पाऊण तासात! नवऱ्याचं उत्तर तयार होतं, त्यात स्वयंपाकघर नाहीये, शेजारच्याच रेस्टॉरंटमध्ये उघडणारं दार ठेवलंय. हे मात्र खरं निघालं. म्हणजे वाढदिवसाला बायकोला खोली दिली आणि जेवायला शेजारी जा, त्या बाईचं मत कोणी विचारलं का माहीत नाही. अमेरिकन आर्किटेक्ट फिलिप जॉन्सनचं काचेचं घर पण तसंच, १९४९, चारी बाजूंना काच, आत भिंत म्हणून नाही, फक्त विटांचा एक गोल खांब आणि त्यात बाथरूम. फोटोत ते एकटंच उभं असतं. पण समोर काही अंतरावर त्याच काळात बांधलेलं विटांचं दुसरं घर आहे, जवळजवळ बंद, ते फोटोच्या बाहेर राहतं. आम्हाला प्लॉट एकच होता, त्यामुळे छतापर्यंतची काच एका भिंतीपुरती राहिली.

आणि शिंडलर! रुडॉल्फ शिंडलर ह्या आर्किटेक्टने १९२२ मध्ये हॉलिवूडकडे स्वतःचं घर बांधलं, दोन जोडप्यांनी मिळून राहायचं, प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःची एक खोली, स्वयंपाकघर सामायिक, झोपायला गच्चीवर उघडे मांडव. काँक्रीटच्या भिंती जमिनीवर आडव्या ओतायच्या आणि मग उभ्या करायच्या. पुढे शिंडलर नवराबायकोचं फाटलं, बायको पॉलीन निघून गेली, काही वर्षांनी परत आली आणि त्याच घराच्या दुसऱ्या भागात वेगळी राहायला लागली. आणि तिने आपल्या बाजूच्या भिंती गुलाबी रंगवल्या. त्या शुद्ध काँक्रीटला गुलाबी रंग. पॉलीन बाईंचा मला मनापासून आदर आहे. आमच्या घरात उघडं काँक्रीट हा विषय निघाला की मी फक्त "गुलाबी" एवढंच म्हणते.

असो, कामाकडे वळू.

सगळ्यात उपयोगी पडली ती सामानाची यादी. मी एका रविवारी टेप घेऊन घरातली सगळी कपाटं, माळे, पलंगाखालचे बॉक्स मोजले आणि त्याला फुटात आकडा दिला, एवढी कपाटाची लांबी मला लागते, ती प्लॅनमध्ये दाखव. बॅगा कुठे, इस्त्रीचं टेबल कुठे, शिडी कुठे, जुन्या फाइली कुठे, ओले कपडे कुठे वाळणार. वाळत घालायची जागा एकाही स्कीममध्ये नव्हती. मासिकातली घरं बघा कधी, कुठे दिसतात का वाळणारे कपडे? त्याने दोन दिवस तोंड पाडलं आणि मग मागच्या बाजूला जाळीच्या भिंतीमागे अशी मस्त जागा काढली की आता घर बघायला येणारे लोक त्या जाळीचाच फोटो काढतात, मागे आमचे टॉवेल आहेत हे त्यांना कळत नाही. हे मला मान्यच करावं लागेल, अडचण नीट सांगितली की हा माणूस कमाल करतो, अडचणच नसली की भरकटतो.

प्लॅन कागदावर ठरला तरी मला कळत नव्हता, खोली दहा फूट म्हणजे डोळ्यासमोर काही येत नाही. मग प्लॉटवर जाऊन फक्कीने सगळं घर खऱ्या मापात आखलं. पाया खणायच्या आधी लाइनआउट, म्हणजे जमिनीवर आखणी, होतेच, हे त्याच्याही आधीचं, फक्त बघण्यासाठी. कॉलमच्या जागी खुंट्या, दाराच्या जागी मोकळं, पलंग आणि टेबलाच्या मापाचे पुठ्ठे. आम्ही त्या रेघांमधून चाललो. सासूबाईंना त्यांच्या "खोलीत" खुर्ची टाकून दिली, त्यांनी डोळे मिटून बाथरूमपर्यंत चालून दाखवलं आणि म्हणाल्या, "अरे, इथे वळताना हाताला धरायला काही लागेल." तिथे भिंत एक फूट पुढे आली. कम्प्युटरवर थ्री-डी मध्ये हे घर आम्ही आतून बाहेरून कितीदा बघितलं होतं, त्यात हे दिसलं नव्हतं. पॅसेज तिथेच रुंद झाला आणि हॉल थोडा कमी झाला, हॉल कमी झाल्याचं दुःख कागदावर फार मोठं वाटलं असतं, चालताना कोणाला जाणवलंपण नाही.

खिडक्यांचं तसंच. खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच घ्यायची ह्याची एक सवयीची उंची असते, सगळीकडे तीच मारतात. प्लिंथ, म्हणजे जोतं, झाल्यावर ह्याने दोन कॉलमांमध्ये दोरी बांधली, सासूबाईंना खुर्चीत बसवलं, मला उभं केलं, लेकीला जमिनीवर मांडी घालून, आणि दोरी वरखाली करत प्रत्येकीला काय दिसतं विचारत गेला. सासूबाईंच्या खिडकीची कड बरीच खाली आली, बसल्या जागेवरून फाटक दिसायला हवं ना. स्वयंपाकघराची ओट्याच्या वर. लेकीच्या खोलीत इतकी खाली की तीच बसायची जागा झाली, बाहेरून ग्रिल मात्र लागलं. हे काम त्याने एवढ्या शांतपणे केलं की मला वाटलं हा दुसऱ्यांच्या साइटवर असाच असेल, म्हणून लोक ह्याला परत परत बोलावतात. योर्न उत्झोनचं पण त्यानेच सांगितलं तेव्हा, सिडनी ऑपेरा हाउसवाला, त्याने स्पेनच्या मायोर्का बेटावर समुद्राच्या कड्यावर स्वतःचं घर बांधलं, कान लिस, खिडक्यांच्या चौकटी भिंतीच्या बाहेरच्या बाजूला बसवल्या म्हणजे आतून नुसता समुद्र दिसावा, चौकट नको. आणि पुढे त्या समुद्राच्या चमकेचाच त्याच्या डोळ्यांना त्रास व्हायला लागला, तर म्हातारपणी तो आतल्या बाजूला डोंगरात दुसरं घर बांधून गेला, कान फेलिझ. आमच्या पश्चिमेच्या खिडकीवर बाहेर आलेला छज्जा आहे तो ह्या गोष्टीमुळे.

बांधकाम सुरू झाल्यावर वेगळीच गंमत. कॉन्ट्रॅक्टरला अशी सवय असते की मालक काहीतरी बदल सांगतो, आर्किटेक्ट म्हणतो ड्रॉइंगप्रमाणेच करा. इथे मालकच आर्किटेक्ट. तो साइटवर जायचा, भिंत बघायचा, डोकं तिरकं करायचा, आणि गवंड्यांना कळायचं की आता हात थांबवा, काहीतरी येणार आहे. शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागलेलं, सळई बांधून झालेली आणि हा म्हणतो इथे स्लॅबमध्ये एक गोल उजेडाचं भोक दिलं तर. कॉन्ट्रॅक्टरने एका संध्याकाळी मलाच फोन केला, "वहिनी, फायनल काय ते तुम्ही सांगा, साहेबांचं काही खरं नाही." मग नियम झाला, तोंडी बदल चालणार नाही. बदल करायचा तर शीट बदलायची, रिव्हिजन नंबर टाकायचा, बदललेल्या जागेभोवती ढगासारखी रेघ काढतात ती काढायची, खर्च आणि दिवस किती वाढतील ते कॉन्ट्रॅक्टरकडून लिहून घ्यायचं, मग माझी सही. एवढं करायचं म्हटल्यावर अर्धे बदल तो स्वतःच सोडून द्यायचा. भोक गेलं. स्ट्रक्चरल इंजिनीअर ह्याचा मित्रच, त्याने तर कॉलम ठरल्या दिवशी सांगून टाकलं होतं की आता कॉलम हलला तर मी हललो, दुसरा बघ.

बिलांचं पण सांगते कारण हे कोणी लक्षात घेत नाही. कॉन्ट्रॅक्टरचं बिल आर्किटेक्ट तपासून पास करतो, तो मालक आणि कॉन्ट्रॅक्टरच्या मधला माणूस असतो, निदान असायला पाहिजे. आर्किटेक्टच मालक असला की मधलं कोणीच राहत नाही, कॉन्ट्रॅक्टरला वाटणार हा आपले पैसे कापतोय आणि ह्याला वाटणार हा मापं फुगवतोय. आम्ही ह्याच्या कॉलेजमधल्या एका मैत्रिणीला, ती पण आर्किटेक्ट, रीतसर फी देऊन मापं तपासायला बसवलं. तिने बिलं तर तपासलीच, पण पहिल्याच दिवशी ड्रॉइंगच्या सेटवर लाल पेन पण फिरवला. "हे तुला हवंय का तुला दाखवायचंय?" असं ती प्रत्येक गोष्टीला विचारायची. एरवी कोणाचं ऐकून न घेणारा नवरा तिच्यापुढे शाळेतल्या पोरासारखा उभा. घर स्वतःचं असेल तर असं एक बाहेरचं माणूस ठेवाच, आणि फी देऊन ठेवा, फुकटचा सल्ला कोणी ऐकत नाही.

एकच वाद मी हरले, मधला चौक. मला वाटत होतं एवढी जागा आभाळाला कशाला द्यायची, तिथे एक खोली होईल. त्याने वाद घातला नाही, बेंगळुरूला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी स्वतःसाठी बांधलेल्या घराचा प्लॅन ठेवला पुढे, सगळं घर चौकाभोवती, आणि म्हणाला बाकी सगळं तुझ्या सहीने, एवढं माझ्या. ठीक आहे, दिलं. दुपारी पंखा न लावता मधल्या पॅसेजमध्ये बसता येतं हे खरं आहे, गरम हवा वर निघून जाते आणि खालून नवी आत येते. पाऊस आला की तीन दारं लावत पळावं लागतं हे पण खरं आहे.

राहायला आलो तेव्हा बरंच बाकी होतं, सगळ्या आर्किटेक्टांच्या घरात असतं म्हणे. बाहेरच्या क्लायंटची कामं आधी, आपलं रविवारी. फ्रँक लॉइड राइट शिकागोजवळच्या ओक पार्कच्या घरात १८८९ ला राहायला आला, १८९५ ला पोरांसाठी मोठी खेळायची खोली काढली, १८९८ ला ऑफिस जोडलं, चालूच. लॉरी बेकरांनी तिरुअनंतपुरमला टेकडीवर एका खोलीपासून सुरुवात केली आणि जसं लागेल तसं, जुनं सामान मिळेल तसं वाढवत गेले. हे दाखले आता तो मला देतो, मी शिकवलेल्या पद्धतीने. मी म्हणते बरोबर आहे, पण त्यांच्या गच्चीच्या जिन्याला कठडा असेल.

आमच्या नाहीये अजून. तात्पुरता बांबू बांधलाय. कठड्याच्या तीन स्कीम आल्यात, एकात नुसत्या उभ्या सळया, एकात जाड दोर, तिसऱ्यात भिंतच वर घेतलेली. सासूबाईंनी बांबू धरून बघितला आणि हाच बरा आहे म्हणाल्या, हातात नीट बसतो. परवा शीट आली, रिव्हिजन चार, बांबूच्या जाडीचा गोल लाकडी दांडा, खाली सळया. क्लायंटच्या रकान्यात ह्या वेळी त्याने सासूबाईंचं नाव टाकलंय आणि मला म्हणतो सही त्यांची घेतो, तुझी नको. मी म्हटलं घे, पण खर्च किती ते आधी लिहून आण.